प्रभुभोजनाच्या वेळी उठून जाणारी बाई

अमरावतीच्या परकोटाबाहेर, कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्हा ख्रिस्ती लोकांची आठ घरं होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. नवरा एका व्यापाऱ्याच्या वखारीत कामाला होता. गाड्या भरल्या की तो त्यांच्याबरोबर अकोल्याला जायचा आणि दहा-बारा दिवसांनी परतायचा. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई चालली आहे म्हणून आपल्या कापसाला एवढी मागणी आली, असं तो सांगायचा. मला अमेरिका ठाऊक नव्हती. मला एवढंच दिसायचं की गावात रोज नवी तोंडं येत होती. दलाल, गाडीवान, हमाल, वेचणीच्या बाया. कोण कुठला, काही पत्ता लागत नव्हता. कापसात पाणी मारणारे होते, सरकीत खडे मिसळणारे होते. सारं गावच एकमेकांकडे तिरप्या डोळ्यांनी पाहायला शिकलं होतं.

आमच्या मंडळीला तर संशयाचं खास कारण होतं. आदल्या वर्षी एक माणूस शास्त्र शिकायचं आहे म्हणून आला. महिनाभर राहिला, गाणी पाठ केली, प्रार्थनेत डोळ्यांतून पाणी काढलं. मग एके दिवशी भरदुपारी आमच्यातल्या एका तरण्या सुनेला गाडीत घालून तिच्या माहेरी घेऊन गेला. तो तिचा चुलत मामा निघाला. ती पोरगी नंतर कोणाला दिसली नाही. माझे दोघे भाऊ माझ्या बाप्तिस्म्यानंतर एकदा येऊन वेशीत उभे राहिले होते. "आज ना उद्या तुले नेऊच," असं थोरला ओरडून म्हणाला होता. तेव्हापासून मी दाराची कडी दिवसादेखील लावत असे.

अशा दिवसांत, दसरा होऊन गेल्यावर, ती बाई आली.

चाळिशीच्या पुढची असेल. कपाळ मोकळं, लुगडं धुवट, काखेत एक बोचकं. आपण अकोल्याकडून आलो, तिथंच बाप्तिस्मा घेतला, नवरा वारला, आता कोणी नाही, असं तिनं सांगितलं. तिथल्या मंडळीची चिठ्ठी मागितली तर वाटेत नदी उतरताना भिजून गेली म्हणाली. पाद्री साहेब दौऱ्यावर होते. आमचे म्हातारे उपदेशक विचारात पडले. तेवढ्यात मंडळीतली एक विधवा पुढं झाली. ती सुईणीचं काम करायची, एकटीच राहायची, तोंडानं फटकळ होती. "माह्या घरात जागा हाय. चाल वं," असं म्हणून तिनं त्या बाईचं बोचकं स्वतःच उचललं.

पहिल्याच रविवारी माझं लक्ष गेलं. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत होतो, तेव्हा तिचे ओठ हलत होते पण शब्दांच्या मागं मागं. आम्ही म्हणालो की मग ती. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईला ही प्रार्थना येत नाही? पुढं प्रभुभोजन होतं; ते बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं. भाकर आणि प्याला जवळ येऊ लागला तशी ती हळूच उठली आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली. महिन्यानं पुन्हा प्रभुभोजन झालं, पुन्हा ती उठली. मी नवऱ्याला म्हटलं, "ही आपल्यातली नाही."

"तब्येत बरी नसेल," तो म्हणाला. त्याला कोणाचा संशय यायचाच नाही. त्याच्या वाटणीचा संशयही मीच घेत असे.

ती माझ्याकडं वरचेवर येऊ लागली. आठ घरं होती, दुसऱ्याही बाया होत्या, पण तिचे पाय माझ्याच दाराकडं वळायचे. "कितवा महिना वं?" "पोटात हालते का?" "झोप कोण्या कुशीवर लागते?" एकदा म्हणाली, "माहेरची आठवण येते का?" मी म्हटलं, "मला माहेर नाही." ती माझ्या पायांकडं बघत बसली. पाय सुजले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं फडक्यात बांधून डिंकाचे लाडू आणले. "आता एवढ्यात नाई खायचे, बाळंतीण झाल्यावर खाजो. गरम असतात." मी घेतले. ती वळल्याबरोबर दार लावलं आणि लाडू एकेक करून चुलीत टाकले. तूप तडतडलं, घरभर खमंग वास सुटला. त्या वासानं मला भूक लागली, आणि भूक लागली याचा राग आला. काय घातलं असेल त्यांत, कोणी मंतरून दिले असतील, हाच विचार डोक्यात होता.

मग बाजारच्या दिवसाची गोष्ट. मी मीठ-मिरची घ्यायला गेले होते. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि एका गाडीच्या आडोशाला ती उभी होती. गाडीवानाशी बोलत होती. गाडीवानाची बोली मी लगेच ओळखली. मोर्शीकडची, आमच्या गावाकडची. मी पोत्यांच्या मागं थांबले. ती म्हणत होती, "सांगजो, अजून दोन मयने हायेत. तवर मी इथून हालत नाई." गाडीवान म्हणाला, "अन् कोणाले समजलं तं?" ती म्हणाली, "नाई समजत."

मीठ तसंच टाकून मी घरी आले. दोन महिन्यांनी मी बाळंत होणार होते. मला सगळं स्वच्छ दिसलं. मी अंथरुणाला खिळलेली असताना, नवरा अकोल्याला असताना, ही दार उघडणार आणि माझे भाऊ आत येणार. मला नेणार, नाहीतर माझं मूल नेणार.

लगेचच्या रविवारी उपासना संपल्यावर मी उभी राहिले. बायांनी असं उभं राहून बोलायची रीत नव्हती. पोट पुढं आलेलं. मी एकेक करून सगळं सांगितलं. प्रार्थना येत नाही. प्रभुभोजनाला उठून जाते. गाडीवानाशी असं असं बोलली. आदल्या वर्षीच्या त्या सुनेची मी आठवण करून दिली तशी बसलेल्या माणसांत कुजबुज झाली. त्या सुनेचा नवरा तिथंच बसला होता. त्यानं मान खाली घातली.

उपदेशकांनी त्या बाईला विचारलं, "बाई, हे खरं आहे का? तुमचा बाप्तिस्मा झाला आहे का?"

ती उभी राहिली. "नाई झाला."

"मग खोटं कशाला सांगितलंत? कोणी पाठवलं तुम्हाला?"

ती बोलेना. पुन्हा विचारलं, तरी बोलेना. नुसती जमिनीकडं बघत राहिली. मग सुईण ताडकन उठली. "मी हिची जामीन हावो. हिच्या मनात काई वाईट नाई."

"जामीन नको, खरं काय ते पाहिजे," एक जण म्हणाला. "मंगच्या साली एक पोर गेली आपली."

"खरं सांगाचं असतं तं तिनं सांगतलं असतं," सुईण म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटून खाली बसली. मला वाटलं, हीसुद्धा तिला सामील आहे.

त्या बाईनं कोणाकडं दया मागितली नाही. त्याच दुपारी बोचकं घेऊन निघाली. माझ्या दारावरून जाताना क्षणभर थांबली आणि आत न बघताच म्हणाली, "पाय खाली सोडून बसत नको जाऊ. उशीवर ठेव. सूज उतरीन."

मी कडी लावून घेतली.

एवढ्यावर मी थांबले नाही. ती अकोल्याच्या रस्त्याला लागली असं कळलं तेव्हा मी नवऱ्याला तिथल्या मंडळीसाठी पत्र लिहायला लावलं. अशी अशी बाई येईल, ती फसवी आहे, घरात घेऊ नका. तो लिहिताना दोनदा थांबला. "आपल्याला नक्की काय ठाऊक आहे?" म्हणाला. मी म्हटलं, "लिहा." पत्र त्यानंच पुढच्या खेपेला नेऊन दिलं.

पौषात मी बाळंत झाले. सकाळपासून दुपारपर्यंत दोनदा माझी शुद्ध गेली. त्या फटकळ सुईणीनं मला सोडवलं. मुलगी झाली. सुईण दिवसातून दोनदा यायची, बाळाला न्हाऊ घालायची, मला शेक द्यायची, कण्या रांधून ठेवायची, पण माझ्याशी कामापलीकडं एक शब्द बोलायची नाही. बाराव्या दिवशी मी तिला खूश करायला म्हटलं, "बरं झालं ना ती बाई वेळेवर गेली. नाहीतर आज हे लेकरू माझ्याजवळ नसतं."

तिच्या हातात तेलाची वाटी होती. ती तिनं खाली ठेवली.

"मी शपथ मोडून राहिली आता," ती म्हणाली. "देवानं मले काय ते करावं. तिले कोणं धाडलं ठाऊक हाय तुले? तुह्या मायनं."

मला आधी समजलंच नाही.

"तुही माय अन् ते बाई एका गावच्या पोरी. संगं खेळलेल्या. तुह्या मायले समजलं का तुले दिवस गेले. तिले येता तं येत नाई. आली तं तुहे भाऊ घरात घेनार नाई, गाव वाळीत टाकन. तिनं हिचे पाय धरले. हिच्या मांगं कोनी नाई, हिले वाळीत टाकाले हाय कोन? माह्या पोरीचं पयलं बाळंतपण हाय, तिच्याजवळ रायजो, म्हने. किरिस्तावाच्या घरी बाळंतिणीले कोनी पाहात नाई, असं वाटे तुह्या मायले. हे बी भेतच आली होती. चार दिवस माह्या हातचं पाणी पेली नाई. पाचव्या दिवशी सांगतलं सारं, अन् माह्याकून शपथ घेतली का कोनाजवळ बोलाचं नाई. गोष्ट फुटली अन् गावाले समजलं, तं तुह्या मायचं काय झालं असतं?"

"आणि लाडू?" मी विचारलं.

"तुह्या मायनं धाडले होते. गाडीवानाच्या हातानं."

मी मुलीला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. सुईणीनं वाटी उचलली आणि म्हणाली, "पाय इकडं कर. तेल लावाचं राह्यलं."

तोवर मला वाटायचं की माझ्यावर दया करायला या जगात कोणी उरलेलं नाही, म्हणून मला सावध राहणं भाग आहे. आणि माझ्या दोन्ही बाजूंना दोन बाया गप्प बसून माझ्यासाठी बोल खात होत्या. एक बाहेरची आणि एक आमच्यातली. सुईणीला तर माझ्यामुळं मंडळीत दोन महिने कोणी धड बोलत नव्हतं. तरी ती रोज आली होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात येऊन गेलं, ही आता तरी खरं बोलत असेल का? माझा स्वभाव असा.

बाळ सव्वा महिन्याचं झालं तशी मी नवऱ्याबरोबर अकोल्याला निघाले. तो नको म्हणत होता, थंडी होती. मी कापसाच्या गासड्यांच्या गाडीत गोधड्या अंथरून बसले. बडनेरा मागं पडलं, मूर्तिजापूर आलं, दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाटीची रानं होती. पूर्णेकाठच्या वाऱ्यानं बाळाचं नाक लाल झालं. चौथ्या दिवशी पोचलो.

अकोल्यात मोर्णेच्या काठी ख्रिस्ती लोकांची तीनच घरं होती. तिथल्या वडील माणसानं मला बसायला घोंगडी दिली आणि माझंच पत्र पेटीतून काढून दाखवलं. "तुम्ही लिहिलंत, आम्ही पाळलं. ती आली होती. आम्ही तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही." असं म्हणताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटत होतं की वाईट, मला कळलं नाही.

त्याची बायको दाराआड उभी होती. तो गाड्यांकडं गेल्यावर ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आत घेतलं नाई हे खरं. पन मी रोज दिवस मावळाच्या आंधी ओसरीवर भाकर झाकून ठेवतो. ते बाई येते अन् घेऊन जाते. मालकाले मी सांगतलं नाई. त्यायले माईत हाय का नाई, ठाऊक नाई. भाकरीची टोपली रिकामी दिसते, पन ते काई इचारत नाई."

"तुम्हाला तिची भीती नाही वाटली? पत्र वाचून?"

"वाटली तं. म्हनून ओसरीवर ठेवली, घरात नाई बलावलं." आणि ती थोडी हसली. "भेव वेगळं. भूक वेगळी."

ती बाई नदीपलीकडच्या वखारीत सरकी निवडत होती. वीसेक बाया ढिगाभोवती बसलेल्या, सगळ्यांच्या डोक्यांवर कापसाची भुरी. सगळ्या सारख्याच म्हाताऱ्या दिसत होत्या. तिनं मला आधी पाहिलं. उठली, हात लुगड्याला पुसले, आणि माझ्याकडं न बघता माझ्या हातांकडं बघितलं.

"पोरगा का पोरगी?"

"मुलगी."

मी तिच्या पायांवर वाकायला गेले तर तिनं मला खांद्याला धरून थांबवलं. "हे काय करून राहिली? आंधी लेकरू दे इकडं."

तिनं बाळ घेतलं आणि उन्हात जाऊन बसली. दुपटं उलगडून तिनं त्याला असं बघितलं जसं आमच्या बाजारात जाणता माणूस कापूस बघतो. बोटं मोजली. टाळूवर हात फिरवला. कानामागं पाहिलं. पाठीवर एक तीळ होता, तो तिनं मलाच दाखवला. मला तो तोवर दिसला नव्हता. "तुह्या मायच्या पाठीवर बी हाय. अस्साच."

मी रडायला लागले. "मी तुम्हाला घराबाहेर काढलं. इथल्या लोकांना पत्रही मीच—"

"तुह्या मायनं मले आंधीच सांगतलं होतं. माही पोरगी लय संशयी हाय, म्हने. लहानपनापासून भांड्यावरचं झाकण उघडून पाह्यल्याबिगर जेवत नाई. जपून जाजो." ती हसत नव्हती. "माहीच चुकी झाली. तुमची ते प्रार्थना मले पाठ होत नाई. मंधातच इसरतो."

"मग प्रभुभोजनाला उठून का जायचात? तोंडात घास घेतला असता तर कोणाला कळलं असतं?"

तिनं बाळाला पुन्हा गुंडाळलं. "तुमच्या देवाच्या समोर खोटं कसं बोलू? मानसायसमोर बोलली तेच लय झालं."

मी विचारलं की इथं कशाला थांबलात, गावी का गेला नाहीत. ती म्हणाली, "अर्धी बातमी घेऊन कशी जाऊ? तुहा नवरा इथं येते हे मले ठाऊक. तीनदा पाह्यलं त्याले. तोंड पाहून काई समजे ना, अन् इचाराची हिंमत होये ना." मग तिनं मुलगी माझ्या हातात दिली. "आता मी मोकळी झाली. उद्याच निंगतो."

आमच्याबरोबर अमरावतीपर्यंत चला म्हणून मी फार विनवलं. ती आली. चार दिवस गाडीत बाळ बहुतेक तिच्याच मांडीवर होतं. गाव जवळ आलं तशी ती उतरली. मोर्शीच्या वाटेला गाड्या जात होत्या, त्यांतल्या एकीत बसून निघून गेली. मंडळीत यायला ती तयार झाली नाही. "आता कशाले?" एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा उभी राहिले. आईचं नाव, गाव काही न सांगता मी एवढंच सांगितलं की ती बाई माझ्या भल्यासाठी आली होती, मी तिच्यावर आळ घेतला, अकोल्याला पत्रही मीच धाडायला लावलं. ज्या सुनेला नेलं होतं तिचा नवरा समोरच बसला होता. तो म्हणाला, "वहिनी, मले बी तसंच वाटलं होतं. मीच तुमच्याहून जोरात बोललो असतो." उपदेशक पुढं काही शिकवण सांगतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "बस बाई. लेकरू रडतंय, त्याला पाज." आणि त्यांनी गाणं सुरू केलं. सुईणीच्या शेजारी तीन-चार महिने कोणी बसत नव्हतं. त्या दिवशी जागा सोडून तिघी जणी तिच्याजवळ सरकल्या. त्यांतली एक म्हणाली, "तू बोलली असती तं आमाले समजलं असतं." सुईण म्हणाली, "तुमी नसत्या बोलल्या तं मले बरं वाटलं असतं."

त्यानंतर आमच्याकडं एक रीत पडली. कोणी ठरवली नाही, आपोआप पडली. नवखा माणूस आला की तीन दिवस त्याला कोणी काही विचारायचं नाही, नुसतं जेवू घालायचं. चौथ्या दिवशी उपदेशक विचारायचे. त्या तीन दिवसांत मी मात्र त्याचं बोचकं, वहाणा, बोली सगळं पाहून घेत असे. ताट वाढत असे आणि पाहत असे.

पुढच्या वर्षी कापसाच्या हंगामात एक कासारीण दारावर आली. बांगड्या भरता भरता तिनं विचारलं, "लेकरू चालते का आता?"

माझा हात आखडला. "तुला काय करायचंय? कोण विचारतंय? कोण्या गावची तू?"

ती माझ्या मनगटावर बांगडी चढवत राहिली. अंगणात मुलगी लिंबाच्या बुंध्याला धरून उभी होती. माझा नवरा ओसरीवर बसला होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अगं, सांग ना."

मला कळायला जरा वेळच लागला. मग मी तिला जवळ बसवलं, भाकर दिली, आणि म्हटलं, "आईला सांगा, चालते म्हणावं. अजून धरून चालते, पण चार पावलं टाकते. आणि दोन दात आलेत. खालचे."

"खालचे दोन," कासारीण म्हणाली, आणि पुटपुटत ते पाठ करू लागली.